एका हाताचं कडं

उजव्या मनगटात बांगडी चढवायचं काम डावा हात करतो, हे मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कळलं. आयुष्यभर ब्रिस्टलच्या एका शाळेत फिजिक्स शिकवलं, तरफ, पुली, घर्षण सगळं फळ्यावर काढून दाखवलं, पण स्वतःच्या दोन हातांमधली ही वाटणी कधी लक्षात आली नव्हती.

त्या सकाळी मी पोह्यांना फोडणी घालत होते आणि डाव्या हातातला झारा खाली पडला. उचलायला वाकले तर हात माझ्यासोबत आलाच नाही. यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली. हे म्हणजे माझे यजमान, नंदकुमार पेंडसे. सगळं ब्रिस्टल त्यांना नंदू म्हणतं. घरात मीही म्हणते, चारचौघांत तेवढं 'अहो'. पक्षाघाताचा झटका होता, डावी बाजू गेली होती. हॉस्पिटलमध्ये सुजलेल्या हातातल्या पाटल्या कापून काढाव्या लागल्या. पाय महिनाभरात परत आला. बोलणं दुसऱ्याच दिवशी परत आलं, आणि हे अजून सगळ्यांना सांगतात की डॉक्टरांनी जरा घाई केली. डावा हात मात्र आला नाही. खांद्यापासून लटकत राहिला, बोटं आत वळलेली, जणू काहीतरी मुठीत धरून बसलाय आणि सोडायला तयार नाही.

बाकीची तडजोड जमली. चुडीदार गेला, इलॅस्टिकच्या पँटी आल्या. पोळी हे तोडून द्यायचे. पण दागिन्यांचं काही जमेना. नंदूची सगळी नोकरी फिल्टनच्या विमान कारखान्यात गेली. पंखांचे बोल्ट बसवणारा माणूस माझ्या मोत्यांच्या माळेचा फासा लावताना घामाघूम व्हायचा. मी मान खाली घालून उभी. मागून त्यांचा श्वास, 'एक मिनिट हं', मग 'लागला वाटतं', मग माळ पायाशी. त्यांनी कधी कंटाळा केला नाही. कंटाळा मला आला, तसं मान खाली घालून उभं राहण्याचा. एक दिवस मी दागिन्यांचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवायला सांगितला आणि पुन्हा काढायला सांगितला नाही.

हे आमच्या लेकीच्या, ऋजुताच्या लक्षात आलं. ऋजुता इथेच जन्मली, इथेच इंजिनिअर झाली, विमानांच्या चाकांचे सांगाडे डिझाइन करते. तिचं मराठी तिच्या मनाने चालतं, पण चालतं.

एका रविवारी ती आली आणि म्हणाली, "आई, चल. हार्बरजवळच्या म्युझियममध्ये एक एक्झिबिशन लागली आहे. फ्रेंच ज्वेलरी. तुला बघायला पाहिजे."

"लागलंय. एक्झिबिशन लागलंय."

"हो तेच. कोट घाल."

"दागिने बघून मी काय करू आता?"

"नाकं मुरडशील," ऋजुता म्हणाली. "ते तर एका हाताने येते ना?"

अशा मुलीपुढे काय बोलणार! मी कोट घातला. म्हणजे तिने घातला.

प्रदर्शन होतं ओदेत फाव्हरेल नावाच्या बाईचं. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे पॅरिसमध्ये तिचं छोटं दुकान होतं. ज्या काळात श्रीमंत बायका अंगावर हिऱ्यांची झुंबरं लटकवून फिरत, त्या काळात हिने स्फटिक घेतला, शिसवी लाकूड घेतलं, साधी चांदी घेतली आणि एकसंध, गोलसर, हाताला गार लागतील असे दागिने घडवले. भिंतीवरच्या फलकांवर तिच्या साधेपणाचं खूप कौतुक होतं. आज ज्याला आधुनिक दागिना म्हणतात त्याचा निम्मा वारसा या बाईचा आहे, असं लिहिलं होतं. तिच्या साधेपणाची कारणं चार जाणकारांनी चार दिली होती. कुणी म्हणे जपानी कलेचा प्रभाव, कुणी म्हणे युद्धातली टंचाई.

आणि भिंतीभर तिचे फोटो. लांब मानेची, धारदार नाकाची बाई. सगळीकडे एकाच ढबीत उभी: उजवा हात कमरेवर आणि डावा कशात तरी गुंतलेला. कधी फरच्या मफमध्ये, म्हणजे हात ऊबेला घालायच्या नळकांड्यात, कधी शालीत, कधी फुलांच्या मोठ्या गुच्छामागे, एकदा तर कुत्र्याच्या दाट केसांत. खाली लिहिलं होतं की 'फाव्हरेल पोज' त्या काळी इतकी गाजली की पॅरिसच्या मासिकांतल्या मॉडेल तशाच उभ्या राहू लागल्या.

मी पुढे सरकले आणि शेवटच्या फोटोपाशी थांबले. त्यात ती बसलेली होती. हा एकच फोटो असा की डावा हात दिसत होता, मांडीवर. त्यावर उजवा हात ठेवलेला, आणि उजव्या हाताचा अंगठा डाव्या हाताच्या बोटांखाली सरकवलेला.

मी खाली माझ्या मांडीकडे पाहिलं नाही, कारण मी उभी होते. पण बसले असते तर माझे हात नेमके तसेच असते. बोटं आत वळतात, तळव्यात नखं रुततात, म्हणून अंगठा घालून ती उघडी धरायची. हॉस्पिटलमधल्या थेरपिस्टने मला हे शिकवलं होतं. ज्याला गरज नाही असा कुणीही माणूस असे हात ठेवून बसत नाही.

"ऋजुता," मी म्हणाले, "या बाईचा डावा हात गेलेला होता."

"कोण म्हणतो?"

"मी म्हणते."

"आई, प्लीज. सगळीकडे असं होत नाही. तुला आता सगळ्यांचा हात दिसते."

"दिसतो. आणि मला दिसतोय तर दिसतोय."

ऋजुता काही बोलणार तेवढ्यात एक बाई आमच्याकडे आली. उंच, करड्या केसांची, गळ्यात म्युझियमचं ओळखपत्र. ही इमोजेन, प्रदर्शनाची क्युरेटर. तिने आमचा चढलेला आवाज ऐकला असावा. काही मदत हवी का, असं तिने विचारलं. मी सरळ सांगून टाकलं.

इमोजेनने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हाऊ इंटरेस्टिंग."

इतकी वर्षं या देशात काढल्यावर मला 'इंटरेस्टिंग'चा अर्थ कळतो. त्याचा अर्थ 'आता घरी जा'.

"मी शिक्षिका होते," मी तिला म्हणाले. "पुराव्याशिवाय बोलत नाही. माझ्याबरोबर एक चक्कर मारा."

ती सौजन्याने आली, घड्याळाकडे एकदा बघून. मी तिला पहिल्या कपाटापाशी नेलं. आत कानातले होते, चिमट्यासारखे दाबून बसणारे. मी उजव्या हाताने हवेतल्या हवेत एक उजव्या कानाला लावलं, एक डाव्या कानाला. पुढे लांब साखळी, बिनफाशाची, सरळ डोक्यातून घालायची. ती घातली. पुढे ब्रूच. त्याला टाचणी नव्हती, मागे पट्टी होती, कोटाच्या कॉलरवर वरून सरकवायची. ती सरकवली. अंगठी टेबलावर ठेवून बोट आत घालण्याएवढी जाड आणि जड. कपाटामागून कपाट मी हवेतले दागिने अंगावर चढवत गेले आणि डावा हात कोटाच्या खिशात तसाच राहिला.

अर्ध्या वाटेवर इमोजेनने घड्याळाकडे बघणं सोडलं.

"हा साधेपणा नाहीये," मी म्हणाले. "या बाईला कुणासमोर मान खाली घालून उभं राहायचं नव्हतं."

इमोजेनने दालनाच्या मध्यभागी नजर टाकली. मग म्हणाली, "एक गोष्ट मात्र तुमच्या विरुद्ध जाते," आणि आम्हाला मधल्या कपाटापाशी घेऊन गेली.

आत एक कडं होतं. स्फटिकाच्या दोन वळलेल्या कमानी, एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला तोंड. असं सुंदर कडं मी आजवर पाहिलं नव्हतं. पाणी गोठवून वळवल्यासारखं. खालची पाटी सांगत होती: 'फाशाची रचना सदोष. दोन्ही कमानी अर्धवट उघड्या अडकतात. घालण्यास अत्यंत अवघड. कदाचित म्हणूनच फाव्हरेलने असं कडं पुन्हा घडवलं नाही.'

"हे बंद करायला दोन हातसुद्धा कमी पडतात," इमोजेन म्हणाली. "तोंडाजवळच्या खळग्यात एक बारीक घुंडी आहे. ती दुसऱ्या हाताच्या नखाने खोलवर दाबावी, तेव्हा कुठे कमानी मिटतात. आमच्या लॅबमधल्या मुलीची नखं तुटली. एका हाताची बाई असं कडं का घडवेल?"

पण ओदेतबाई मूर्ख नव्हती, एवढं मला तोवर पक्कं कळलं होतं.

"मला हातात घेऊन बघता येईल?"

"ते शक्य नाही हो. एका खाजगी संग्रहातून उसनं आणलंय."

"मग मोजमापं द्या," ऋजुता मधेच म्हणाली. आत्तापर्यंत ती मागे उभी होती. मी वळून बघितलं तर तिच्या चेहऱ्यावर तेच भाव होते जे लहानपणी घरातला रेडिओ उघडताना असायचे. "तुम्ही एक्स-रे काढला असेल ना? मला द्या. मी बनवते."

इमोजेनने खरंच मोजमापं पाठवली. त्याबद्दल मी तिला कायम मानते. ज्या बाईच्या पाटीवर आपण शंका घेतो, ती स्वतःहून पुरावा हातात देते, हे सगळ्यांना जमत नाही.

बेडमिन्स्टरमध्ये एक वर्कशॉप आहे, तिथे वर्गणी भरून कुणीही मशीन वापरू शकतो. ऋजुता शनिवारी तिथे जायला लागली. पहिलं कडं रेझिनचं केलं, ते बिजागरीतच तुटलं. दुसऱ्याची स्प्रिंग इतकी ताठ झाली की कमानी उघडेचनात. तिसरं मात्र हुबेहूब जमलं. आत स्प्रिंग, स्प्रिंगला अडवणारा एक खिळा, आणि खिळा सोडणारी ती घुंडी. अर्धवट उघड्या कमानीत मनगट घातलं की कडं मनगटाला हलकेच धरून राहायचं, पडायचं नाही. पण मिटायचं नाही. घुंडी दाबली तर खिळा सुटेल आणि कमानी आपोआप मिटतील, हे स्पष्ट होतं. पण ज्या हातात कडं आहे त्या हाताची बोटं तिथवर पोचत नाहीत.

आमच्या जेवणाच्या टेबलावर ऋजुता ते घालून बघत बसायची आणि मला सांगायची, "आई, ही घुंडी चुकीच्या जागी दिला आहे तिने. अंगठा पोचत नाही. इमोजेन बरोबर आहे."

मी बघत होते. ती म्हणत होती 'एका हाताने', पण दर वेळी डावा हात मदतीला येतच होता. कडं जरा हललं की डावा पुढे. कमान वाकडी झाली की डावा पुढे. तिला स्वतःला पत्ताही नव्हता.

"नंदू," मी हाक मारली, "माझी ओढणी आणा."

ओढणी आली. मी ऋजुताला म्हणाले, "डावा हात पाठीमागे घे." आणि नंदूंना तो बांधायला लावला, चांगला घट्ट.

"आई, काय करतेस? हे वेडेपणा आहे!"

"हा वेडेपणा. आता कर."

ती अर्धा तास धडपडली. चिडली. कडं टेबलावर आपटलं. मग चहाचा कप उचलायला गेली आणि बिस्किटाचा पुडा फोडता येईना, तेव्हा पुडा खाली ठेवून माझ्या हाताकडे बघत राहिली.

"दिवसभर असं असते?" तिने शेवटी विचारलं.

"असतं."

"तू कधी सांगितली नाहीस."

"सांगण्यासारखं काय आहे त्यात? बिस्किटं नंदू फोडतात."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायलाही एकच हात होता. पण त्यानंतरची ऋजुता वेगळी होती. घुंडी चुकीच्या जागी आहे, हे वाक्य तिने पुन्हा उच्चारलं नाही. आता ती विचारू लागली, घुंडी इथेच का?

टेबलावर दाबून पाहिलं. नाही. भिंतीवर दाबून पाहिलं. नाही. खुर्चीच्या दांड्यावरही नाही. आता मी स्वतः कडं मागून घेतलं. माझ्या उजव्या मनगटात ते घालून दिवसभर घरात फिरत होते आणि जिथे तिथे दाबून बघत होते. फ्रीज, खिडकीची चौकट, नंदूंचा खांदा. नंदूंनी निषेध नोंदवला.

एका दुपारी ऋजुता आली ती लॅपटॉप उघडूनच. म्हणाली, तिने खळग्याची खोली कमी करून घुंडी वर काढलीय, आता टेबलावर दाबली जाईल.

"म्हणजे तू ओदेतचं डिझाइन सुधारणार?"

"थोडीशी. फक्त दोन मिलिमीटर."

"अजिबात नाही!" मी उठून उभी राहिले. "शंभर वर्षांनी तू येऊन तिला शिकवणार? आधी तिचं म्हणणं समजून घे, मग—"

आणि शाळेत वर्गावर ओरडताना मी जशी उभी राहायचे तशी, उजव्या हाताची मूठ कमरेवर टेकवून, मी तिच्याकडे रोखून बघितलं.

खट्.

आम्ही तिघांनीही खाली पाहिलं. मी हात पुढे केला. कडं मिटलेलं होतं. गोल, पूर्ण, माझ्या मनगटात.

"आई," ऋजुता कुजबुजली, "परत कर."

टेबलाच्या कडेला कड्याच्या तोंडाची खाच अडकवून मी ते उघडलं. पुन्हा मनगट घातलं. पुन्हा कमरेवर मूठ. खट्.

मग मला सगळं दिसलं. टेबल सपाट आणि कडक. त्यावर कड्याची किनार आधी टेकते आणि खळग्यातली घुंडी अधांतरी राहते. कंबर गोल आणि मऊ. कपड्याआडचं मांस त्या खळग्यात शिरतं आणि घुंडीला बरोबर दाबतं. घुंडी खोलात होती कारण ती चुकून कशावर आपटून कडं मनगटात चढायच्या आत मिटता कामा नये. तिला फक्त अंग समजत होतं. बाईचं स्वतःचं अंग.

"फोटो," ऋजुता म्हणाली. तिने लॅपटॉपवर प्रदर्शनातले फोटो उघडले. डावा हात मफमध्ये. उजवा हात कमरेवर. डावा हात शालीत. उजवा हात कमरेवर. सगळं पॅरिस ज्या ढबीची नक्कल करत होतं, ती ढब म्हणजे एक बाई आपलं कडं आपल्या हाताने बंद करत होती.

नंदू खुर्चीवर बसले आणि मोठ्याने हसायला लागले. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसू लागले. "काय बाई आहे," ते म्हणत होते, "काय बाई आहे!" ओदेतबद्दल म्हणत होते की माझ्याबद्दल, मी विचारलं नाही.

इमोजेन आमच्या घरी आली, तिने स्वतः घालून बघितलं, तीन-चारदा बघितलं, आणि खाली बसली. मग तिने चक्रं फिरवली. मूळ कड्याच्या मालकाची परवानगी काढली. ओदेतच्या भावाची नात शोधून काढली. मादाम क्लेअर, नव्वदीच्या घरातली, लिऑनला राहणारी. प्रदर्शनाच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी कडं कपाटातून बाहेर काढायचं ठरलं. ते घालायचं मी. मी एकच अट घातली: आमच्या स्ट्रोक क्लबातल्या सगळ्यांना बोलवायचं. चर्चच्या हॉलमध्ये दर मंगळवारी आम्ही जमतो, अर्धी-अर्धी अंगं घेऊन. त्यांना पुढच्या रांगेत जागा हवी.

त्या दिवशी मी इरकली नेसले. निऱ्या नंदूंनी घातल्या. त्यासाठी ते आठवडाभर व्हिडिओ बघून माझ्या जुन्या साडीवर सराव करत होते. निऱ्या जरा तिरक्या आल्या, पण विमानाच्या पंखासारख्या पक्क्या होत्या.

म्युझियमचा हॉल भरला होता. लंडनहून दागिन्यांचे अभ्यासक आले होते. मोठ्या पडद्यावर व्हिडिओवरून मादाम क्लेअर दिसत होती, शेजारी दुभाषी नातसून. लॅबमधल्या मुलीने हातमोजे घालून कडं मखमलीवर ठेवलं. मी मनगट पुढे केलं. स्फटिक इतका गार लागला की अंगावर काटा आला. कमानींनी मला हलकेच धरलं.

मी मूठ कमरेवर टेकवली.

काही झालं नाही.

पुन्हा टेकवली. काही नाही. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. इमोजेनचा चेहरा पांढरा पडला होता. लॅबमधली मुलगी दोन्ही हात पुढे धरून उभी, कडं पडलंच तर झेलायला. माझ्या कपाळावर घाम आला. आणि मला कळलं की मी दाबतच नाहीये. शंभर वर्षांचा स्फटिक, फुटला तर, या भीतीने मी नुसता स्पर्श करत होते.

पुढच्या रांगेतून टेरेन्सचा आवाज आला. टेरेन्स आमच्या क्लबातला, पूर्वीचा बस ड्रायव्हर, त्याची उजवी बाजू गेलेली आणि बोलणंही तुटक झालेलं. एकेक शब्द जुळवत, माझं नाव नेहमीसारखं वाकडं करत तो ओरडला, "वायजू! तिने... रोज... घातलं असेल! दाब!"

खरंच होतं. ओदेत ते रोज घालत असेल, घाईत, उशीर झालेला असताना, कुणावर तरी चिडून. मी ताठ उभी राहिले. समोर दहावीचा वर्ग आहे आणि कुणीही गृहपाठ केलेला नाही, असं डोळ्यांसमोर आणलं. आणि मूठ कमरेवर हाणली.

खट्.

तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. मी हात वर केला. खिडकीतून आलेलं ऊन स्फटिकातून आरपार गेलं आणि माझ्या साडीवर पसरलं. मग टाळ्या सुरू झाल्या. आमच्या क्लबातल्या निम्म्या लोकांना टाळी वाजवता येत नाही. ते मांड्यांवर थापा मारत होते, काठ्या जमिनीवर आपटत होते. तो गडगडाट मी आयुष्यात विसरणार नाही.

पडद्यावर मादाम क्लेअर काहीतरी बोलत होती आणि हसत होती. नातसुनेने सांगितलं, "त्या म्हणतात, ओदेतआजी बाहेर पडायच्या आधी अगदी अशीच उभी राहायची. आम्हा मुलांना वाटायचं, ती रागावलीये."

"आणि तिचा डावा हात?" इमोजेनने विचारलं.

मादाम क्लेअरने आश्चर्याने खांदे उडवले. "लहानपणी ताप आला होता, त्यात गेला. घरात सगळ्यांना माहीत होतं. तुमच्यापैकी कुणी विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी कड्याखालची पाटी बदलली. इमोजेनने नवी पाटी लिहिताना मला फोन करून प्रत्येक शब्द वाचून दाखवला. 'सदोष' हा शब्द गेला. आता प्रदर्शन लंडनला चाललंय, तिथून पॅरिसला, आणि दारातच पहिला फोटो तो मांडीवरच्या हातांचा आहे. जाणकारांनी चार कारणं दिली होती त्या जागी आता एकच लिहिलंय: ही बाई एका हाताने दागिने घालत असे, आणि म्हणून तिने सगळ्यांचे दागिने मोकळे केले.

ऋजुता मात्र तिथे थांबली नाही. ओदेतचा फासा तिने पातळ पोलादात उतरवला, आणि मादाम क्लेअरची परवानगी घेऊन त्याला नाव दिलं 'ओदेत'. पहिले नमुने घेऊन ती मागच्या मंगळवारी आमच्या क्लबात आली. घड्याळाचे पट्टे होते, ब्रेसलेटं होती. मी पुढे उभी राहिले, माझ्या मनगटात तिने केलेलं चांदीचं कडं.

"सगळ्यांनी उठायचं," मी म्हणाले. "ज्यांना उठता येत नाही त्यांनी बसूनच. मनगट आत. हात कमरेवर. आणि आता असं समजा की समोर कुणीतरी तुमचं डोकं खातंय."

हॉलभर खट् खट् खट् वाजलं. टेरेन्स दरवाज्याजवळ उभा होता. त्याने डावा हात कमरेवरून काढला, घड्याळ डोळ्यांसमोर धरलं, आणि बायकोला म्हणाला, "बघ... मी... स्वतः." मग तो ते उघडून पुन्हा घालत राहिला, पुन्हा, पुन्हा, दर वेळी तितकाच खूश.

तेवढ्यात मागून मार्गारेटने हात वर केला. वय ऐंशीच्या पुढे, एके काळची चर्चमधली गायिका, आवाज अजून खणखणीत.

"मनगटाचं झालं, मिसेस पेंडसे," ती म्हणाली. "आता ब्राच्या हुकांचं काय ते सांगा."

हॉल हसण्याने दणाणला. माझी ऋजुता हसली नाही. तिने खिशातून पेन्सिल काढली, मार्गारेटच्या शेजारी खुर्ची ओढली आणि गंभीरपणे म्हणाली, "मला नीट सांगा. आधी डावा हात कुठपर्यंत जातो?"